डॉक्टरांच्या काचेखालचं पान

डॉक्टर गेले हे मला दौंडच्या एसटी स्टँडवर कळलं. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे येणाऱ्या सकाळच्या गाडीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा. खिडकीतूनच ओरडला, "सिस्टर, तुमचं डॉक्टर गेलं की! आज पहाटं. झोपंतच." मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. "बरं," म्हणाले, आणि जुडीतली पिवळी पानं भाजीवालीला दाखवायला लागले. कंडक्टर माझ्याकडं बघतच राहिला. ज्यांच्या हाताखाली बारा वर्षं काढली त्यांच्या मरणावर ही बाई नुसतं 'बरं' म्हणते! घरी आले, भाजी निवडली, ड्युटीला गेले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि हे लिहून झाल्यावर येईल असंही वाटत नाही.

मग पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं. तुम्ही डॉक्टरांना जवळून पाहिलंत, चार चांगले शब्द लिहा. शिरूरात शोकसभा झाली, तिथं चार सोडून चारशे चांगले शब्द बोलून झालेत. देवमाणूस काय, गरिबांचा वाली काय. त्यात माझी भर कशाला? मी तसं कळवलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं, "जे आठवतं ते लिहा." मग आता ऐका. डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. शिरूरला 'डॉक्टर' म्हटलं की तेच, हे वाचणाऱ्याला कळेल.

तेव्हा आमच्या भागात हाड मोडलं की माणसाला दोनच वाटा. हाडवैद्याकडं जाऊन बांबूच्या कामट्या बांधून घ्यायच्या, नाहीतर डॉक्टरांकडं यायचं. उंच माणूस, आवाज असा की बाहेरच्या बाकावरची कुजबुज बंद व्हायची. सकाळी आठला खुर्चीत बसायचे, उजवं कोपर टेबलावरच्या काचेवर टेकवायचे, हनुवटी मुठीवर, आणि पेशंटचं अर्धं ऐकून निकाल द्यायचे. "कापू." "काढून टाकू." "काही झालं नाही, घरी जा." मधे कुणी काही विचारलं की संपलंच. मी राहूची, बौद्धवाड्यातली. नर्सिंगचं शिकून आले तेव्हा दोन ठिकाणी मला बघितल्यावर जागा भरलेली निघाली होती. डॉक्टरांनी सर्टिफिकेट बघितलं, माझी नखं बघितली, म्हणाले, "उद्या सातला ये." पहिल्या दिवशी त्यांच्या घरातून माझ्यासाठी चहाचा कप वेगळा आला, तर तो त्यांनी परत पाठवला आणि सगळ्यांदेखत खेकसले. हे खरं आहे, मी लपवणार नाही. पण शोकसभेत कुणीसं म्हणालं म्हणे, की विमल सिस्टरला डॉक्टरांनी उभं केलं. अहो, मला उभं केलं माझ्या आईनं, दुसऱ्यांच्या रानात खुरपून. डॉक्टरांनी नोकरी दिली आणि कसून काम घेतलं. त्यात उपकार कसले?

आता सुदामचं. सुदाम माझा धाकटा भाऊ. पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, भिंतींवरच्या जाहिराती, सगळं करायचा. शिडीवर चढून, हात डोक्यावर धरून, पट्टी न लावता हातभर उंचीचं अक्षर एका दमात ओढायचा. खाली उभं राहून बघणारे "वा रं पेंटर!" म्हणायचे आणि हा वरून ब्रश झटकायचा त्यांच्या अंगावर. वाह्यात होता. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दौंडला एका गोदामाच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवत असताना शिडी सरकली आणि तो उजव्या कोपरावर पडला. त्या दिवशी मी सुट्टी म्हणून राहूला घरीच होते. निरोप आला तशी दौंडला धावले. तिथं नुकतेच एक तरुण डॉक्टर येऊन राहिले होते, आम्ही त्यांना दौंडचे धाकटे डॉक्टर म्हणायचो. त्यांनी सुदामचा हात बांधून गळ्यात अडकवला होता. म्हणाले, "सिस्टर, कोपराच्या मागचं हाड तुटून वर ओढलं गेलंय. उद्या सकाळी दोन पिना घालतो आणि तारेनं आवळतो. जुळेल."

कोपर टेबलावर टेकलं की जे टेकतं, ते हे हाड. दंडाच्या मागचा स्नायू त्यालाच धरलेला असतो आणि तोच हात सरळ करतो. हाड तुटलं की स्नायू त्याला वर खेचून नेतो, मग नुसत्या प्लास्टरनं भागत नाही. आमच्या डॉक्टरांची रीत वेगळी होती. ते तुटलेलं हाड काढून टाकायचे आणि स्नायू उरलेल्या हाडाला शिवायचे. दौंडच्या तारेचं त्यांना कुणी सांगितलं, की हसायचे. "तार कुंपणाला लावतात." मीही हसायचे त्यांच्याबरोबर. आणि त्या दिवशी, भाऊ समोर कण्हत असताना, मी त्या भल्या माणसाला ताठ मानेनं सांगितलं, "नको. आमचे डॉक्टर आहेत." सुदाम म्हणाला, "आक्के, हितंच करू की. एवढ्या लांब कशाला?" मी ऐकलं नाही. एका ओळखीच्याची जीप मिळवली आणि त्याला शिरूरला नेलं... वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो ओठ चावत होता.

आमच्याकडं एक्सरेचा एकच फोटो काढायची पद्धत होती. कुठलंही हाड असो, एका बाजूनं एकच. डॉक्टर म्हणायचे, मला एका फोटोत दिसतं, ज्यांना दिसत नाही त्यांनी दोन काढावेत. सुदामचा फोटो त्यांनी खिडकीशी धरला. "चुरा झालाय. काढून टाकू." दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला हत्यारं द्यायला मीच उभी राहिले. भावाच्या ऑपरेशनला कशाला, म्हणून वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीनं, मला परोपरीनं सांगितलं होतं, पण दुसरी कुणी त्यांच्या हाताशी टिकायची नाही. त्यांनी कातडी उघडली, स्नायू सोडवला, हाडाचे तुकडे काढून माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये टाकले. त्यात चुरा असा कपचीएवढाच होता. बाकी एक चांगला मोठा, अख्खा तुकडा होता, आणि त्याच्या कडेचा एक लहान. माझ्याच्यानं राहवलं नाही. चिमट्यानं मी ते दोन तुकडे एकमेकांशी लावले. फुटलेल्या कपाचा कान कपाला लावून बघावा तसे ते बसले. फट म्हणून दिसेना.

मी म्हणाले, "डॉक्टर, हे जुळतंय." त्यांनी ट्रेकडं बघितलं. मी सांगते, त्यांनी नीट बघितलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात, पण इतक्या वर्षांत त्या डोळ्यांतलं मला सगळं वाचता यायला लागलं होतं. त्यांना कळलं होतं. स्नायू तर सोडवून झाला होता, आणि त्यांच्याकडं ना पिना होत्या ना तार. पण दौंड काय सातासमुद्रापार होतं? जखम झाकून तुकडे जपून ठेवता आले असते, माणूस पाठवता आला असता, हातापाया पडता आलं असतं. "फेकून दे," डॉक्टर म्हणाले आणि दोऱ्यासाठी हात पुढं केला. आणि मी दोरा दिला! आजही बसल्या बसल्या माझा तो हात मला दिसतो आणि मस्तकात तिडीक जाते.

प्लास्टर निघालं. जखम छान भरली होती, डॉक्टर सगळ्यांना दाखवत होते, "बघा, रेघसुद्धा दिसत नाही." हात वाकत होता, घास तोंडाशी जात होता. राहूला घरच्या भिंतीवर सुदामनं ब्रश धरून हात वर नेला. कोपर एका बाजूला लचकलं आणि हात आपसूक डोक्यावर आला. परत नेला, परत आला. असं चार-पाच वेळा झालं. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्के, हात वर जातुया, पर वर ऱ्हात न्हाई." केसांत सगळा निळा रंग लागला होता. आई पदरानं पुसायला गेली तर त्यानं तिचा हात झिडकारला. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "पेंटरकी सोडून दुसरं काही करायला सांग. मी त्याला चिठ्ठी देतो कुठं तरी." चिठ्ठी! माणसाचा हात घालवायचा आणि वर चिठ्ठी द्यायची.

मी तेव्हा नोकरी का सोडली नाही, असं लोक विचारतात. घरात चूल पेटायला पाहिजे होती हे एक. आणि दुसरं म्हणजे मला त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. 'विमल, माझं चुकलं.' बस्स. लोटांगण नको, पैसा नको, चिठ्ठी तर नकोच नको. नुसतं म्हणा म्हटलं तर ते म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी लाल समासाची एक लांबलचक वही आणली आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव हिंडायला लागले. आमच्या डॉक्टरांनी हाड काढलेले आणि दौंडच्या धाकट्या डॉक्टरांनी तारेनं जुळवलेले, दोन्हीकडचे पेशंट शोधायचे. आमच्या पेशंटांची नावं मला पाठ होती. धाकट्या डॉक्टरांनी त्यांची आपणहून दिली, वर म्हणाले, "माझ्या हातून बिघडलेलेही लिहा हं. एकाची तार कातडीतून बाहेर आली, पुन्हा उघडावं लागलं." बघा, असंही बोलता येतं माणसाला!

मी कसली डॉक्टर, कोनमापक थोडाच होता माझ्याकडं. माझ्या तीन परीक्षा. घास, भांग आणि ढकल. घास तोंडाशी जातो का, हात डोक्यामागं नेऊन भांग पाडता येतो का, आणि बायकांना पाट्यावर वरवंटा, पुरुषांना बंद दार, ढकलता येतं का. कारेगावच्या पारूबाईचं हाड आमच्याकडं काढलेलं. सत्तरीची म्हातारी, मला बघून म्हणाली, "ये गं, तुझ्या म्होरंच चटणी वाटते." आणि असा वरवंटा हाणला की मीच मागं सरकले. खोटं का लिहू? तिचं हाड खरोखरच चुरा झालं होतं, तुकडाही बारका होता, तिला काढणंच मानवलं होतं. उलट राहूच्याच एका गाडीवानाला तारेचं टोक टोचायचं. सदऱ्याची बाही वर करून दाखवायचा, "सिस्टर, ही बगा, खुंटीच बशिवलीया डागदरानं. टोपी आडकवू का?" पण त्यानं दार ढकललं ते बिजागरीसकट हललं. असं करत करत मला एक गोष्ट दिसायला लागली. बारका तुकडा किंवा चुरा असेल तर काढलेला बरा, हात लवकर सुटतो. मोठा तुकडा काढला, की घास आणि भांग राहतो, ढकल जाते. आणि कोपर लचकतं. तिथं तारच पाहिजे, टोचली तरी. कुठला मोठा आणि कुठला बारका हे कळायला एक्सरे दोन बाजूंनी काढायला पाहिजेत. एवढंच होतं ते. प्रत्येकाला एक पान दिलं. शेवटचं पान सुदामचं.

वही मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवस त्यांनी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." मी उभीच राहिले. म्हटलं, आता पुढं बोलतील. त्यांनी बेल वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आणि त्या पेशंटचे एक्सरे दोन बाजूंनी काढायला सांगितले! त्यानंतर कायमच दोन बाजूंनी. पुढच्या महिन्यात पिना आणि तारेचं बंडल पुण्याहून आलं. एका गुरुवारी ते स्वतः दौंडला जाऊन धाकट्या डॉक्टरांचं ऑपरेशन बघून आले, हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तारेची पहिली गाठ त्यांनी मारली तेव्हा पक्कड माझ्याच हातातून घेतली. एक अक्षर बोलले नाहीत. लोकांची हाडं पटापटा जुळायला लागली, लोक पेढे घेऊन यायचे. मी पेढा हातात धरून उभी राहायचे आणि मला राहूच्या भिंतीवरचे निळे फराटे दिसायचे. चांगलं होत होतं, हे मला कळत होतं. पण ज्याच्या हातावरून शिकले त्याला काय?

मग पुण्याला डॉक्टरमंडळींची कसलीशी सभा झाली. तिथून आल्यावर धाकटे डॉक्टर मला दौंडला भेटले, खूश होते. "तुमच्या डॉक्टरांनी फार सुंदर मांडलं. काढणं की जुळवणं, दोन्ही बाजू. घास, भांग, ढकल, सगळं."

"माझं नाव घेतलं?"

"माझ्या दवाखान्यात केलेली पाहणी, असं म्हणाले."

"आणि सुदाम?"

"त्याचं काही आलं नाही त्यात."

नावाचं मला काही नाही, असं मी तेव्हा म्हणाले. काही नाही कसं? आहेच! उन्हातान्हात एसटीचे धक्के मी खाल्ले, म्हाताऱ्यांच्या चटण्या मी वाटून घेतल्या. पण ते एक वेळ गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या कपाटातून वही काढली. शेवटचं पान नव्हतं. फाडलेलंही नव्हतं, शिवणीपासून ब्लेडनं कापलेलं होतं, ऑपरेशनमध्ये कापावं तसं, स्वच्छ. मी वही घेऊन तशीच आत गेले. डॉक्टर नेहमीसारखे बसले होते, कोपर काचेवर, हनुवटी मुठीवर.

"सुदामचं पान कुठं गेलं?"

"गहाळ झालं असेल."

"डॉक्टर, वहीतलं एकच पान गहाळ होतं?"

"सिस्टर, बाहेर पेशंट आहेत." एरवी ते मला कधी सिस्टर म्हणायचे नाहीत, विमलच म्हणायचे. कोपर काचेवरून हललं नाही. मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि त्या महिन्याच्या शेवटी नोकरी सोडून दौंडला आले. निरोपाला त्यांनी साडी पाठवली, मी परत केली. त्यानंतर एकदाच ते दिसले, लांबून, स्टँडवर. मी पाठ फिरवून उभी राहिले. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींचं पत्र आलं. दवाखाना त्यांचा डॉक्टर पुतण्या चालवणार आहे, खोली आवरतेय, तुझी वही आहे, येऊन घेऊन जा. गेले. खोली तशीच होती, डेटॉलचा वास, खिडकीशी एक्सरे बघायची जागा. टेबलावरची काच पुसायची म्हणून वहिनींनी आणि मी दोन बाजूंनी उचलली. खाली जुनं कॅलेंडर, एसटीचं वेळापत्रक, एका औषध कंपनीचं कार्ड. आणि उजव्या हाताला, जिथं त्यांचं कोपर टेकायचं बरोबर त्या जागी, लाल समासाचं एक पान. पालथं.

मी ते उलटलं नाही आधी. समासावरूनच कळलं. वहिनी म्हणाल्या, "काच पुसू द्यायचे मला. उचलू द्यायचे नाहीत."

"विचारलं नाहीत तुम्ही, काय आहे म्हणून?"

"त्यांना काही विचारायची सोय होती का कधी, विमल?" वहिनींनी डोळे पुसले. मला वाटतं त्यांना वाटलं, आता मी रडेन. त्यांना हवं होतं की मी म्हणावं, बघा, मनाला लागलं होतं हो त्यांच्या. लागलं असेलही. रोज सकाळी आठला त्यावर कोपर टेकत होते म्हणजे विसरले तर नव्हते. पण मग पालथं का? स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या काचेखालीसुद्धा हा माणूस ते पान सुलटं ठेवू शकला नाही. आणि मला तोंडावर सांगितलं, गहाळ झालं. सांगताना कोपर त्याच्यावरच होतं! पान वहीत घातलं आणि राहूला गेले.

सुदाम आता डाव्या हातानं लिहितो. खाली बसून लिहिता येतील तेवढ्याच पाट्या घेतो, अक्षरं जरा मागं कललेली असतात, गिऱ्हाइकाला चालतात. मी पान त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वाचलं. सुदाम, राहू, वय चोवीस, पेंटर. घास, जातो. भांग, पडतो, कोपर लचकतं. ढकल, नाही. त्यानं पान उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली.

"आक्के, अक्षर तर समदं तुझं हाय. त्यांचं काय हाय ह्यात?"

मी म्हणाले, "काही नाही."

"मंग आपुन कशाला ठेवायचं? त्यांच्या घरची चूक त्यांच्या घरी ऱ्हाऊ दे की. पर सुलटी."

परवा आम्ही दोघं शिरूरला गेलो. वहिनींनी खोली उघडून दिली. मी काच बाजूला सरकवली. सुदामनं डाव्या हातानं पान त्याच जागेवर ठेवलं, सुलटं, खुर्चीत बसणाऱ्याला वाचता येईल असं. आता नव्या डॉक्टरांनी कोपर टेकायच्या आधी ते वाचावं. मग काच परत जागेवर सरकवायची होती. जाड काच, जड. सुदामनं सवयीनं उजवा हात लावला आणि जोर केला. कोपर लचकलं. काच जागची हलली नाही. तो थांबला, हात काढून घेतला आणि बाजूला झाला.

"आक्के," म्हणाला, "तू ढकल."

मी ढकलली.